खालच्याला विचारून

साक्षीदाराला मी तीन गोष्टी सांगते. विचारलं तेवढंच बोलायचं. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणायचं. आणि जबाब देताना माझ्याकडे बघायचं नाही. वडगावच्या कोर्टात तीस वर्षं हेच सांगत आलेय, आणि तीस वर्षं माणसं पिंजऱ्यात उभी राहिली की पहिल्यांदा माझ्याकडेच बघतात. माझा पारा चढायला तेवढं पुरतं. मी तापट आहे, हे मीच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्या कुणाला सांगायचे कष्ट नकोत. आमच्या बार रूमचा चहावाला सगळ्यांच्या आधी माझा कप भरतो, तो काही प्रेमापोटी नाही.

चिंगीमावशीला मात्र मी चौथी गोष्टही सांगितली होती. एकदा नाही, चांगली सात वेळा. मावशी, काही झालं तरी परवानगीचं नाव काढायचं नाही. आम्ही पाणी घेत होतो, आमचंच म्हणून घेत होतो, कुणाला विचारून नाही, एवढंच म्हणायचं. ती प्रत्येक वेळी मान हलवून "व्हय" म्हणाली होती. मला वाटलं, चला, गाडी रुळावर आहे.

उंबरवाडी ही कार्ल्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या खांद्यावर बसलेली बावीस घरांची ठाकरांची वस्ती. वाडीपासून थोड्या अंतरावरच्या घळीतून एक ओढा उतरतो. पावसाळ्यात त्याच्याजवळ उभं राहवत नाही. दिवाळीनंतर त्याची धार मनगटाएवढी होते, पण मे संपेपर्यंत तुटत नाही. वाडीची माणसं दरवर्षी दिवाळी झाली की त्या ओढ्याला दगडमातीचा बांध घालायची आणि डोंगराच्या कडेकडेने खणलेल्या पाऊण किलोमीटरच्या पाटातून पाणी वाडीवर आणायची. प्यायला, गुरांना, आणि उरलंच तर वाल-वांग्यांच्या चार वाफ्यांना. पाट कुणी खणला ते कुणाला ठाऊक नाही. चिंगीमावशीच्या आज्यालाही ठाऊक नव्हतं, असं ती सांगते, आणि ती स्वतः सत्तरीच्या पुढची आहे.

बांधाची जागा आणि पाटाचा सुरुवातीचा तुकडा ज्या जमिनीत येतो ती पूर्वी कार्ल्याच्या बाजीरावची होती. दोन हजार अठरा साली त्याने ती लोणावळ्याच्या रुचिरला विकली आणि पुढच्याच वर्षी तो वारला. रुचिर म्हणजे हॉटेलवाल्या घरातला मुलगा, पस्तिशीचा, बोलायला अतिशय गोड. कोर्टाच्या व्हरांड्यात भेटला की मला "काकू, बरं आहे ना?" विचारायचा, त्याने माझं डोकं आणखी तापायचं. त्याने त्या जमिनीत पाच कॉटेज बांधली, पाहुण्यांना डुंबायला एक मोठं तळं केलं, आणि बावीस सालच्या दिवाळीत पाट बुजवून, आडवी भिंत घालून ओढा तळ्यात वळवला. तळं भरून उरेल ते पाणी पुढे पुन्हा ओढ्यात जायचं. वाडीला थेंब नाही. चिंगीमावशीचा पुतण्या बारकू, जो वाडीचा सगळा कारभार बघतो, तो बोलायला गेला तेव्हा रुचिरने त्याला खुर्ची दिली, सरबत दिलं आणि सातबारा दाखवला.

त्यानंतरचे दोन उन्हाळे वाडीच्या बायका घळीत उतरून डोक्यावर पाणी आणत होत्या. उतरायला अर्धा तास, चढायला त्याच्या दुप्पट. दुसऱ्या उन्हाळ्यात चिंगीमावशीची सून हंड्यासकट घसरली आणि पाय मोडून बसली. तोवर सात घरं खाली हायवेच्या कडेला झोपड्या टाकून राहायला गेली होती. बाकीची कुंपणावर होती. अजून एक उन्हाळा असा गेला असता तर उंबरवाडी उठली असती, आणि पाच-दहा वर्षांनी तिथे वाडी होती हेही कुणी सांगितलं नसतं.

आता कायदा सांगते, कारण सगळं त्यावरच अडलं होतं. ओढ्याचं पाणी सातबाऱ्याच्या मालकाचं नसतं, ते सरकारचं. माणसाला मिळतो तो फक्त वापराचा हक्क. दुसऱ्याच्या जमिनीतून पाट काढून तुम्ही वीस वर्षं सलग, उघडपणे, भांडणतंटा न करता पाणी नेलंत, तर तो हक्क पक्का होतो, मग कागद असो वा नसो. कुणी अडवलं तर दोन वर्षांच्या आत कोर्टात यायचं, नाहीतर गेला. ते मी सांभाळलं होतं. बारकू माझ्याकडे आला त्याच महिन्यात त्याच्या आणि चिंगीमावशीच्या नावाने वाडीतर्फे दावा टाकला. पण एक मेख आहे. जमिनीच्या मालकाची परवानगी घेऊन पाणी नेलं असेल तर वीस काय, दोनशे वर्षं नेलं तरी हक्क शून्य. ती मेहेरबानी ठरते, आणि मेहेरबानी करणारा कधीही हात आखडता घेऊ शकतो. म्हणजे बघा, विचारून घेणाऱ्याच्या हातात धुपाटणं आणि न विचारता घेणाऱ्याचा हक्क पक्का. मी लॉ कॉलेजात हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं. पुढे त्याच्यावरच पोट भरलं.

पंचवीसच्या जानेवारीत चिंगीमावशीची उलटतपासणी लागली. रुचिरचे वकील गंगाधरराव, वय वर्षं बहात्तर, आवाज लोण्यासारखा. त्यांनी मावशीला आधी बसायला स्टूल मागवलं. मग गुडघे कसे आहेत ते विचारलं. मी मनात म्हटलं, झालं, आता हा माणूस सुरी काढणार.

"बाजीरावच्या दारात तुम्ही दर दिवाळीला जायचात, खरं ना, मावशी?"

चिंगीमावशीने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"व्हय," ती म्हणाली.

"जाऊन काय म्हणायचात?"

"पानी घेऊ का, म्हनायची."

"तो हो म्हणाला की मगच बांध घालायचात?"

"व्हय. त्यो न्हाई म्हनला आसता तर कसा घालायचा?"

गंगाधररावांनी कोर्टाला वाकून नमस्कार केला आणि त्यांचे प्रश्न संपल्याचं सांगितलं. त्यांना आणखी विचारायचं कारणच उरलं नव्हतं. माझ्या पायाखालची वाळू सरकली. मागच्या बाकावर बारकू बसला होता, त्याला काहीच कळलं नव्हतं, उलट काकी किती छान बोलली म्हणून तो खूश दिसत होता. आमच्या जज्जबाई तरुण आहेत, बदलून येऊन वर्षही झालं नव्हतं. त्यांनी घड्याळ बघितलं आणि फेरतपासणी जेवणाच्या सुट्टीनंतर घेऊ म्हणून त्या उठल्या.

अशा वेळी साक्षीदाराशी बोलू नये, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण मी काही तिला शिकवायला गेले नव्हते, भांडायला गेले होते. बाहेर पिंपळाच्या पारावर ती भाकरीचं फडकं सोडत बसली होती. मी तिच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिले आणि तोंडाचा पट्टा सोडला. सात वेळा सांगितलं होतं म्हटलं, सात वेळा. उभी वाडी बुडवलीत. तुमच्या सुनेचा पाय मोडला, बावीस घरं उठायला आली, आणि तुम्ही त्या गोड बोलणाऱ्या म्हाताऱ्याच्या ओंजळीत सगळा दावा टाकून आलात. आजूबाजूचे पक्षकार डबे सोडून बघत होते. बघू देत म्हटलं.

माझं संपल्यावर तिने भाकरी मोडली.

"शपथ घातली व्हती ना, बाई."

"शपथ होती, पण त्याच्या दारात जायची गरज काय होती तुम्हाला? इतकी वर्षं?"

"त्याच्या खाचराला कमी पडलं आसतं न्हवं."

"कुठल्या खाचराला? बांध त्याच्या वरच्या जमिनीत आहे."

"वरच्या न्हाई. खालच्या. ओढ्याच्या कडंला त्याचं भाताचं खाचर व्हतं ना, तितं."

मला अजूनही अर्थ लागत नव्हता. वरच्या जमिनीचा मालक म्हणून तुम्ही त्याला विचारायचात ना, असं मी तिला विचारलं. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की ही बाई एवढी शिकली आणि हिला एवढं कळू नये.

"वरच्याला कशाला इचारायचं? त्याचं काय कमी हुतंय? आपन पानी घेतलं तर ज्याचं कमी हुनार, त्याला इचारायचं. खालच्याला."

मी पारावर बसले. कायद्याची पदवी घेऊन पस्तीस वर्षं झाली. मी वाचलेल्या प्रत्येक पुस्तकात परवानगी मालकाकडून घेतात. ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून. इथे एक निरक्षर बाई भाकरी खात मला सांगत होती की तिच्या सात पिढ्यांनी ज्याच्याकडे आहे त्याला कधी विचारलंच नाही, ज्याचं घटेल त्याला विचारलं. राग कुठल्या कुठे गेला, आणि राग गेला की काय करायचं असतं ते मला फारसं कळत नाही, म्हणून मी प्रश्न विचारत सुटले.

एकट्या बाजीरावलाच का? छे, समद्यांना. ओढा हायवेपाशी नदीला मिळतो तिथपासून वर येत येत जेवढी घरं ओढ्याचं पाणी वापरतात, त्या सगळ्यांना. बारा घरं, दोन पाणवठे आणि एक डोह. दिवाळी झाली की ती दोन दिवस दारोदार फिरते. तिच्या आधी तिची सासू फिरायची. वाडीतली सगळ्यात म्हातारी बाई असते तिनेच जायचं.

आणि मग मला आठवलं. दाव्याचे कागद जमवताना आजूबाजूच्या सगळ्या गटांचे फेरफार मी काढले होते. बाजीरावने खालचं खाचर आधीच विकलं होतं, दोन हजार नऊ साली, गोरख नावाच्या शेतकऱ्याला. वरची जमीन त्यानंतर नऊ वर्षं त्याच्याच नावावर होती. माझा आवाज मलाच वेगळा वाटला.

"मावशी, खाचर विकल्यावर पुढच्या दिवाळीला कुणाच्या दारात गेलात?"

"गोरखच्या. बाजीरावाच्या कशाला? त्याचं खाली काय उरलंच न्हाई मंग."

माझा डबा तसाच राहिला. सुट्टीनंतर मी फेरतपासणीत हेच प्रश्न एकापाठोपाठ एक विचारले, आणि मावशीने तेच सगळं, तितक्याच सहज, शपथेवर सांगितलं. मी नऊ सालचा फेरफार पुढे ठेवला. गंगाधरराव दोनदा हरकत घ्यायला उठले आणि दोनदा खाली बसवले गेले. माणूस हुशार, तिसऱ्यांदा उठले नाहीत. वरच्या जमिनीच्या मालकाकडे नऊ वर्षं ही बाई फिरकलीच नव्हती, तरी दरवर्षी त्याच्याच जमिनीत बांध पडत होता. मग परवानगी कसली आणि कुणाची?

जज्जबाईंनी लिहिणं थांबवलं. त्यांनी स्वतः एकच प्रश्न विचारला, की तुम्ही सुरुवात खालून का करता, वरून खाली का नाही जात. चिंगीमावशी म्हणाली, "समद्यात खालच्याला समद्यात कमी मिळतं, बाईसाहेब. त्याला आदी इचाराय पायजे." जज्जबाईंनी पेन खाली ठेवलं, आणि जागेची पाहणी आपण स्वतः करू असं सांगून फेब्रुवारीतला एक शनिवार नेमून दिला.

पाहणीला जज्ज आले की माणसं सतरंजी घालून, नारळपाणी घेऊन वरच्या जागेवर वाट बघत बसतात. रुचिरनेही तशी तयारी केली होती. पण जज्जबाई पायात बूट घालून, डोक्याला रुमाल बांधून हायवेवरच उतरल्या आणि चिंगीमावशीला म्हणाल्या, तुम्ही दिवाळीला जशा निघता तशा निघा, आम्ही मागे येतो. मग आमची वरात निघाली. पुढे अनवाणी चिंगीमावशी, मागे जज्जबाई, कागदांचं पॅड घेतलेला कारकून, काठी टेकत गंगाधरराव, रुचिर, बारकू आणि मी.

पहिलं घर हायवेच्या कडेला भाजीचा ठेला लावणाऱ्या बाईचं. ती म्हणाली, व्हय, आजी येतात, पाणी घेऊ का विचारतात, माझी सासू होती तेव्हापासून. दुसरं घर, तिसरं घर, तेच. कुणालाही आधी काही सांगितलेलं नव्हतं, आणि कुणालाही त्यात नवल वाटत नव्हतं. पाचवं घर म्हणजे पुण्याच्या एका जोडप्याचा नवा बंगला, बागेला ओढ्यातून पंप लावलेला. ते गृहस्थ गोंधळले. या आजी दर दिवाळीला येतात हे खरं, म्हणाले, पण आम्हाला वाटायचं फराळ मागायला येतात, आम्ही पिशवी भरून चिवडा-लाडू देतो. मी मावशीकडे पाहिलं. "देतेत," ती म्हणाली, "लाडू ब्येस आसतेत. पन आदी घ्या की म्हनतेत, मगच मी जाते." जज्जबाई तोंड फिरवून हसल्या. मी उघडच हसले.

पुढे वडाखाली एक डोह लागला. काळंशार, स्थिर पाणी. मावशी तिथे काठावर उभी राहिली आणि काही न बोलता थांबली. आम्हीही थांबलो. इथे कुणाला विचारता, असं जज्जबाईंनी विचारलं. "मासं हाईत की," ती म्हणाली. कारकुनाने पॅडवरून मान वर केली आणि दबक्या आवाजात, मॅडम, मासे लिहू का, म्हणून विचारलं. जज्जबाईंनी डोहाकडे बघतच "लिहा" म्हटलं.

गोरख त्याच्या खाचराच्या बांधावर उभा होता. पन्नाशीचा, मिशाळ, शर्टाची वरची गुंडी लावून आलेला. त्याने सगळं मान्य केलं, आणि मग कुणी न विचारता म्हणाला, एका साली मी नाही म्हणालो होतो. पाऊस कमी झाला होता, माझी विहीर आटायला आली होती, मावशी दारात आल्या तेव्हा मी म्हटलं, औंदा नको. मग वाडीने बांध घातला नाही. वाडीच्या बाया घळीतून पाणी नेताना त्याला त्याच्या रानातून दिसायच्या. पंधरा दिवस त्याने बघितलं. सोळाव्या दिवशी तो स्वतः डोंगर चढून गेला आणि पहिला दगड त्याने ठेवला.

हे सांगताना तो आमच्याकडे बघत नव्हता. "मला त्या पंद्रा दिसांची लाज वाटती, बाईसाहेब," तो म्हणाला. "भांडल्या आसत्या तर बरं वाटलं आसतं."

गंगाधररावांनी लगेच कान टवकारले आणि वहिवाटीत खंड पडला असं म्हणून पाहिलं. मी त्यांना वाटेतच गाठलं. दुसऱ्याने अडवलं आणि ते मुकाट सोसलं तर तो खंड. आपण होऊन घेतलं नाही तर नाही. ते माझ्याकडे बघून थकल्यासारखे हसले आणि काठी टेकत पुढे निघाले. मला वाटतं, तोवर त्यांनाही आतून पटलं होतं, पण वकील माणूस, कबूल कसा करेल?

वर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. रुचिरचं तळं निळंभोर भरलेलं होतं. भिंत होती, बुजवलेल्या पाटावर लावलेली हिरवळ होती. सतरंजी होती, नारळ होते, कुणी हात लावला नाही. जज्जबाईंनी भिंत मोजून घेतली, उताराचा अंदाज घेतला आणि जाता जाता रुचिरला विचारलं, तुम्ही पाणी वळवलंत तेव्हा कुणाला विचारलं होतंत?

"मॅडम, माझ्याच जमिनीत होतं," तो म्हणाला.

त्यात उद्धटपणा नव्हता. त्याला खरोखर तसंच वाटत होतं. खरं सांगते, त्या सकाळपर्यंत मलाही फारसं वेगळं वाटत नव्हतं. मी त्याच्याशी भांडत होते ते आपला दावा पक्का म्हणून, त्याचं वाक्य मला कधी विचित्र वाटलं नव्हतं. आता खालून वर सगळा ओढा चालून आल्यावर ते ऐकलं, आणि मला त्या मुलाची कीव आली.

एप्रिलच्या मध्याला निकाल लागला. वाडीचा पाटाचा आणि पाण्याचा हक्क शाबीत. बाजीरावला विचारणं ही मालकाची परवानगी नव्हती, तर खालच्या वापरदारांना दिलेला मान होता, असं निकालात सरळ लिहिलं होतं. भिंत काढायची, पाट पूर्ववत करायचा. रुचिरने पुण्याला अपील केलं, ते अजून चालू आहे, पण त्याला स्थगिती मिळाली नाही. त्यामुळे एप्रिल संपायच्या आत बेलिफाच्या देखत भिंत पडली, आणि वाडीच्या माणसांनी सहा दिवस खपून पाट उकरून काढला. खाली राहायला गेलेली सातही घरं टिकाव-घमेली घेऊन वर आली होती.

बांध घालायच्या दिवशी मी मुद्दाम गेले. गाडी खाली लावून चढले, गुडघे बोलायला लागले, पण गेले. ओढ्याच्या काठावर सगळी वाडी गोळा झाली होती. दगड रचून तयार, मातीची घमेली भरून तयार. पाटाच्या कोरड्या तळाला ताज्या उकरलेल्या मातीचा वास येत होता. चिंगीमावशी आदल्या दोन दिवसांत बारा घरं फिरून आली होती. सगळ्यांनी होकार दिला होता. तिची सून कुबडी घेऊन एका खडकावर बसली होती.

आणि कुणी काही करेना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. ऊन चढत होतं. माझा स्वभाव तुम्हाला सांगितलाच आहे. मी बारकूला म्हटलं, अहो बारकूभाऊ, मुहूर्त बघताय की काय, घाला की आता, एवढं लढून आणलंय. बारकू नुसताच हसला आणि काकीकडे बघू लागला.

चिंगीमावशी घळीच्या दगडांवरून सावकाश माझ्याकडे आली. तिने नवं लुगडं नेसलं होतं. माझ्यासमोर उभी राहून तिने पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला.

"वकीलबाई, तळेगावात तुमच्या नळाला पानी कुटलं येतं?"

"इंद्रायणीचं," मी म्हटलं. "का हो?"

"ह्यो वढा तिलाच जातो. आमी नदीपतोर इचारत येत व्हतो. नदीच्या खाली कुनाची वळख न्हवती, मंग कुनाला इचारनार? आता तुमची झाली." आणि तिने हात जोडले. "पानी घेऊ का, बाई?"

मी हसायला गेले, कारण मला वाटलं ती माझा मान राखतेय. मग तिच्या मागे बघितलं. बावीस घरांची माणसं दगड हातात घेऊन माझ्याकडे बघत होती. कुणी हसत नव्हतं. बारकू नाही, कुबडीवरची सून नाही, पोरं नाहीत. मला एका क्षणात कळलं की ही सगळी खरोखर थांबली आहेत. कोर्टाचा निकाल माझ्या पिशवीत होता, शिक्क्यासकट, मीच मिळवलेला, आणि मी जर आत्ता नाही म्हटलं असतं, तर ही माणसं दगड खाली ठेवून घळीत हंडे घेऊन उतरली असती. इतके दिवस ज्या पाण्यासाठी मी भांडले ते माझ्या एका शब्दावर थांबलं होतं. मला रडू फुटलं. लपवलं नाही, लपवता आलंही नसतं.

पाणी मी आयुष्यभर नळ फिरवून घेतलंय. रोज सकाळी गच्चीतल्या साठ कुंड्यांना पाइपने घालते, गाडी धुते, बादली भरून वाहत राहिली तरी फोनवर बोलत राहते. माझ्यामुळे कुणाचं कमी होतं, आळंदीत की आणखी खाली, त्यांची नावंही मला ठाऊक नाहीत. मला कुणी कधी विचारलं नव्हतं, आणि मी तर नाहीच नाही.

मी "घ्या" म्हणाले. मागच्यांनाही ऐकू जावं म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणाले. मग बारकूने पहिला दगड ठेवला.